बस गेल्यावर वाजवायचं नाही

पालकहो, आज थोडं निवांत बसून बोलू या. विषय गाण्याचा नाही. सिनेमात गाणं नसतानाही जे वाजत असतं, त्याचा आहे. आणि ते रचू शकेल असं एखादं मूल तुमच्या घरात असलं, तर ते ओळखायचं कसं, याचा आहे.

मिरजेत मी हार्मोनिअम आणि कीबोर्ड शिकवते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. १२ वर्षांच्या एका विद्यार्थिनीची आई क्लासच्या आधी अर्धा तास येऊन बसली. चेहरा ओढलेला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही दिलेलं ही काही वाजवतच नाही. टीव्हीवर सिनेमा लावते, त्याचा आवाज बंद करते आणि स्वतःचंच काहीबाही वाजवत बसते. परीक्षा तोंडावर आलीय. तुम्ही जरा रागवा तिला."

मी रागवायच्या तयारीनंच मुलीला समोर बसवलं. मग वाटलं, आधी बघावं तरी काय करते. आईच्या मोबाइलवर एका जुन्या सिनेमातला प्रसंग लावला आणि आवाज बंद केला. म्हाताऱ्याचा मुलगा शहराला निघालाय. एसटी सुटते, धुरळा उडतो, म्हातारा थांब्यावर उभा आहे. मुलीनं डाव्या हातानं खर्जातला सा धरला. बस हलली, तसा त्या सा ला खेटून कोमल रे आला. कानाला टोचत राहिला, पण तिनं तो सोडला नाही. बस वळणाआड गेली आणि तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पडद्यावर म्हातारा अजून उभाच होता.

"पुढचं वाजव की," मी म्हटलं.

"बस गेल्यावर वाजवायचं नाही, मॅडम. आता तो एकटा आहे ना."

मला पुढे काही बोलता आलं नाही. इतक्या वर्षांत झरझर बोटं फिरवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. कुठं थांबायचं हे न शिकवता कळलेलं मूल क्वचित दिसतं. आणि खरं सांगायचं तर असं एक मूल माझ्याकडे याआधीही येऊन गेलं होतं. तो मुलगा बसवलेल्या गाण्याच्या मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "इथं मागं घंटा हवी." स्नेहसंमेलन आठवड्यावर आलेलं. मी त्याला म्हटलं, "दिलंय तेवढं वाजव." त्यानं तेवढं वाजवलं, नीट वाजवलं, आणि पुढच्या महिन्यापासून यायचा बंद झाला. त्याला ऐकू येणारी ती घंटा मी एकदाही ऐकायला मागितली नाही. ही खंत माझ्या मनात आहे, म्हणून आज हे तुमच्याजवळ बोलते आहे.

आधी हे काम काय असतं ते बघू. १९७५ साली 'जॉज' नावाचा सिनेमा आला. समुद्रातल्या शार्क माशाची गोष्ट. चित्रीकरणात शार्कचं यंत्र सारखं बिघडायचं, त्यामुळे सिनेमात बराच वेळ तो मासा दिसतच नाही. तरी प्रेक्षकांना धडकी भरली, कारण जॉन विल्यम्स या संगीतकारानं मासा येतो आहे हे दोन स्वरांत सांगितलं. सा आणि कोमल रे यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावरचे दोन स्वर. दोनच वर्षांनी याच माणसानं 'स्टार वॉर्स'साठी अख्खा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तिथे व्हायोलिन, व्हिओला, चेलो, बास यांचा ताफा. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही लाकडी कुळातली वाद्यं. ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन ही पितळी. आणि मागे नगाऱ्यासारखी टिंपनी. कोणी काय वाजवायचं, कोणी गप्प राहायचं, हे सगळं एकाच कागदावर एकाखाली एक लिहिलेलं असतं. त्याला स्कोअर म्हणतात. दोन स्वरांत भागतं की सत्तर-ऐंशी माणसं लागतात, हे ज्याला प्रसंग बघून कळतं तो पार्श्वसंगीतकार. म्हणजे गळा गोड असणं, बोटं चपळ असणं आणि हे कळणं, या वेगवेगळ्या देणग्या आहेत. पहिल्या दोन चारचौघांत दिसतात. तिसरी घरातच दिसते, तीही कोणी बघत असेल तर.

ती कशी दिसते? असं मूल सिनेमा बघून आल्यावर गाणं गुणगुणत नाही; दोन गाण्यांच्या मधला व्हायोलिनचा तुकडा गुणगुणतं. भीतीच्या प्रसंगात डोळे झाकायच्या ऐवजी कान झाकून बघतं, आणि मग सांगतं की आवाज नसला की भीती वाटत नाही. मिक्सरच्या घरघरीला, कुकरच्या शिट्टीला सूर लावतं. आमच्या मिरजेत तंबोऱ्यांच्या दुकानासमोरून जाताना पाय अडखळतात त्याचे, कारण आत कोणीतरी जवारी काढत, म्हणजे तारेचा नाद जुळवत असतं आणि तीच तार मघापेक्षा वेगळी बोलायला लागलेली असते. एकाच सुराचा रंग वाद्यागणिक पालटतो हे त्याला जाणवतं. असलं मूल बरेचदा 'लक्ष नसलेलं' म्हणून बोलणी खातं. त्याचं लक्ष असतं, फक्त आपण दाखवतो तिकडे नसतं.

आता समजा, तुम्हाला हे जाणवलं. पहिला मोह होतो तो जगाला दाखवण्याचा. व्हिडिओ काढावा, स्पर्धेत उतरवावं, पाहुण्यांसमोर बसवावं. इथे तुम्हाला एका बाप-लेकाची गोष्ट सांगते.

एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड १८९७ साली आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरात जन्मला आणि व्हिएन्नात वाढला. वडील ज्यूलियस हे व्हिएन्नाच्या सर्वांत वजनदार दैनिकाचे संगीत समीक्षक. पोरानं ९-१० वर्षांच्या वयात रचलेली रचना संगीतकार गुस्ताव माहलरपुढे वाजवली. माहलरनं हे मूल असामान्य आहे असा निर्वाळा दिला आणि एक शहाणपणाचा सल्ला दिला: याला झेमलिन्स्की या संगीतकाराकडे शिकायला पाठवा. वडिलांनी ते ऐकलं. त्यांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. मुलाच्या रचना खाजगीत छापून बाहेरगावच्या जाणकारांकडे धाडल्या, म्हणजे बापाचा मुलाहिजा न ठेवता मत मिळेल. उत्तरांत कौतुक होतंच. पण रिचर्ड स्ट्राऊससारख्या संगीतकाराला कौतुकाबरोबर धास्तीही वाटली, की इतक्या लवकर उमललेल्या या पोराची वाढ सुखरूप होईल ना. १९१० साली, १३व्या वर्षी, त्याचं नृत्यनाट्य व्हिएन्नाच्या राजेशाही ऑपेरागृहात झालं. २३व्या वर्षी त्याचा 'डी टोटे श्टाट' हा ऑपेरा एकाच दिवशी दोन शहरांत रंगमंचावर आला.

इथवर सगळं छान वाटतं. पण बाप बाजूला झाला नाही. त्या ऑपेराची संहिता बाप-लेकांनी मिळून टोपणनावानं लिहिली होती. वडिलांच्या लेखणीनं दुखावलेले लोक मुलावर डूख धरू लागले. हे संगीत खरं बापाचंच असणार, अशी कुजबुज झाली. मुलानं कोणाशी लग्न करावं यातही वडील आडवे आले. ज्या हातांनी त्याला उचलून धरलं होतं, त्याच हातांची सावली त्याच्यावर वर्षानुवर्षं पडून राहिली.

त्याला स्वतःची जागा सापडली ती वडिलांच्या नजरेत नसलेल्या ठिकाणी. १९३४ साली नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टनं त्याला हॉलिवूडला बोलावलं. ऑपेरा लिहिणारा हात सिनेमाकडे वळला. १९३८च्या सुरुवातीला 'रॉबिन हूड'साठी तो पुन्हा अमेरिकेत आला. त्याच मार्च महिन्यात हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. कॉर्नगोल्ड ज्यू होता. व्हिएन्नातलं त्याचं घर जप्त झालं. त्या सिनेमानं आपला जीव वाचवला, असं तो पुढे सांगत असे. त्याच संगीताला ऑस्कर मिळालं. आज पडद्यावर तुतारीसारखे ट्रम्पेट वाजून नायक येतो, तेव्हा त्यात कॉर्नगोल्ड असतो.

या बापाला मी दोष देण्यासाठी ही गोष्ट सांगत नाही. त्यानं पोराला वेळेवर ओळखलं, वेळेवर गुरूकडे दिलं, आणि हे फार थोड्या आईबापांना साधतं. फक्त गुरूच्या दारातून परत फिरणं त्याला जमलं नाही. आपण ती दोन्ही कामं शिकायची आहेत: हात धरून नेणं आणि हात सोडून येणं.

आपल्याकडची गोष्ट बघा. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाच रेघांवर सूर लिहायचं स्टाफ नोटेशन शिकवत. ती मुलं पुढे मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा कणा झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. १९५८ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून आपल्या रागांवरच्या रचना वाजवल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. या गोन्साल्विसांकडे एक मुलगा व्हायोलिन शिकायला येई. त्याचे वडील, पंडित रामप्रसाद शर्मा, स्वतः ट्रम्पेट वाजवत, शिकवत. मुलाला ८व्या वर्षीच त्यांनी व्हायोलिन हाती दिलं होतं. आणि तरीही त्याला दुसऱ्या गुरूपुढे बसू दिलं. तो मुलगा म्हणजे प्यारेलाल. घरची ओढाताण होती, म्हणून कोवळ्या वयात स्टुडिओत वाजवून त्यानं संसाराला हातभार लावला. मंगेशकर कुटुंबाच्या 'सुरील कला केंद्रा'त त्याला मेंडोलिन वाजवणारा एक मराठी मुलगा भेटला: लक्ष्मीकांत कुडाळकर, ज्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. १९६३च्या 'पारसमणी'पासून पुढची ३५ वर्षं या जोडीनं काय केलं, ते तुम्ही जाणता.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लक्ष्मीकांत-प्यारेलालना कोणा एका मोठ्या माणसानं अवचित शोधून काढलं नाही. बापाला थोडं कळलं, गुरूला थोडं कळलं, आणि मुलं जमतात अशा जागी दोघांना एकमेकांत उरलेलं कळलं. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'च्या नायकाला प्यारेलालनी आपल्या गुरूचं नाव मिळवून दिलं. शिष्यानं गुरूला जगापुढे आणण्याचं हे उदाहरण आठवलं की आम्हा शिकवणाऱ्यांचा ऊर भरून येतो. तेव्हा पालकहो, तुमच्या मुलाला स्पर्धेच्या आधी सोबत शोधून द्या. शाळेच्या बँडपथकातला एखादा, देवळातल्या भजनात तबला वाजवणारा एखादा, चर्चच्या कॉयरमधली एखादी. वाद्यवृंदाचं संगीत एकट्यानं रचता येतं, पण ते शिकायचं माणसांतच.

"मॅडम, हे सगळं पैसेवाल्यांचं," असं कोणी म्हणालं की मी अजय-अतुल या संगीतकार भावांची आठवण करून देते. वडील महसूल खात्यात, सारख्या बदल्या, पुणे जिल्ह्यातली लहान लहान गावं. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. वाद्य घ्यायला पैसे नाहीत, म्हणून ज्याच्या घरी वाद्य असेल त्याच्याशी दोस्ती करायची. त्याच भावांनी २०१६च्या 'सैराट'चं संगीत अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या वादकांकडून वाजवून घेतलं. करमाळ्याच्या मातीतल्या प्रेमाला तिथल्या व्हायोलिनचा ताफा परका वाटला नाही, कारण हलगी, झांज या भावांच्या कानात आधीपासून होत्या आणि त्यांची त्यांना लाज नव्हती. मुलाला पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकवा, पण तमाशाची ढोलकी, दिंडीतला मृदंग, वासुदेवाच्या चिपळ्या यांपासून त्याला दूर नेऊ नका.

मग खर्च कशावर करायचा? महागडा कीबोर्ड सर्वांत शेवटी घ्या. आधी एक खरं वाद्य हाती द्या, ज्यात सूर आपण लावावा लागतो: व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, काहीही. मग स्टाफ नोटेशन. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या संस्थांच्या परीक्षा आपल्याकडच्या शहरांत होतात. प्रमाणपत्रापेक्षा त्यातली वाचायची सवय कामाची. पुढे हार्मनी, म्हणजे सूर एकमेकांवर बसवण्याची रीत, आणि ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे कुठल्या वाद्याला काय झेपतं हे जाणणं. नोटेशन लिहायला म्यूझस्कोअरसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि वर्षातून एकदा तरी, पदरमोड करून, खरा वाद्यवृंद समोर बसून ऐकवा. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ सालापासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. मोबाइलवर शंभरदा ऐकलेलं आणि चेलोची तार समोर थरथरताना ऐकलेलं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

कॉम्प्युटरची एक गोष्ट सांभाळा. त्यावर आज सगळी वाद्यं मिळतात आणि मूल एका रात्रीत साठ वाद्यांचं काहीतरी जुळवतं. वाईट काही नाही. पण कॉम्प्युटरवरच्या बासरीला श्वास घ्यावा लागत नाही. ज्यानं खऱ्या बासरीवाल्याला कधी पाहिलं नाही, तो असा सूर लिहितो की माणसाची छाती फुटेल.

आता पोटापाण्याचं. तो प्रश्न विचारायला संकोचू नका. आईबापांनी नाही तर कोणी विचारायचा? या धंद्यात मिळकत अनियमित असते आणि नाव होईलच याची हमी कोणी देणार नाही. ए. आर. रहमान ९ वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. वडील स्वतः संगीतकार होते. त्यांची वाद्यं भाड्यानं देऊन घर चालायचं. आईनं, करीमा बेगमनं, मुलाला संगीतातच ठेवलं. त्यापायी शाळा सुटली, आणि १९९२ साली त्यांचं संगीत असलेला 'रोजा' आला. ही गोष्ट ऐकून पुष्कळजण शाळा सोडण्याचा भाग तेवढा उचलतात. ते करू नका. त्या माउलीपुढे दुसरा रस्ता नव्हता, तुमच्यापुढे आहे. मुलाला बारावी, पदवी होऊ द्या. सोबत त्याला हेही कळू द्या की संगीतकार होण्याच्या वाटेवर इतर कामंही असतात: दुसऱ्याच्या चालीची वाद्यरचना करून देणारा अरेंजर, नोटेशन उतरवणारा, मालिका आणि जाहिरातींना संगीत देणारा, ताफ्यात बसून वाजवणारा. प्यारेलालही आधी ताफ्यातच होते.

"मुलगी आहे, हिला कोण घेणार?" हेही मला विचारलं गेलंय. १९९७ साली रेचल पोर्टमन यांना 'एमा'च्या पार्श्वसंगीतासाठी ऑस्कर मिळालं. २०२० साली आइसलंडच्या हिल्डर गुडनादोत्तिर यांना 'जोकर'साठी मिळालं, आणि त्यांचं मूळ वाद्य चेलो. दारं उशिरा उघडली हे खरं, पण उघडली आहेत. घरचं दार आपण लावून घेऊ नये.

आणि अलीकडचा प्रश्न: "आता यंत्रच संगीत करतं, मग हे शिकून काय?" यंत्र वाजवील. सांगाल तितकं वाजवील. पण बस गेल्यावर वाजवायचं नाही, हे त्या मुलीला म्हाताऱ्याकडे बघून कळलं. तसं बघणं तुमच्या घरात जेवताना, भांडताना, कोणी गेल्यावर गप्प बसताना शिकलं जातं. ते शिक्षण तुम्ही देताच आहात.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. परीक्षा तिनं दिली. जेमतेम गुण मिळाले. मात्र मी तिला आठवड्यातला एक तास 'स्वतःचं' वाजवायला दिला. गेल्या पावसाळ्यात तिनं तीन वाद्यांसाठी एक छोटी रचना लिहिली: बासरी, व्हायोलिन आणि माझी हार्मोनिअम. पहिल्याच तालमीत बासरी वाजवणारा मुलगा मध्येच थांबला, दम पुरेना. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, खोडरबर घेतलं, दोन सूर पुसले आणि तिथे विश्रांतीची खूण मांडली. पुन्हा वाजवलं, तर ती रचना आधीपेक्षा सुंदर झाली होती, आणि हे मी सांगायच्या आत तिला कळलं होतं.

आई मागे बाकावर बसली होती. काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात मुलगी क्लासला आली ती हसतच. "मॅडम, काल रात्री आम्ही सिनेमा बघत होतो. आई भांडी घासत होती. ती हात तसाच ओला घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, 'काय गं, आत्ता वाजायचं का थांबलं?'"

पालकहो, आज टीव्ही लागला की तुम्हीही एकदा हे विचारून बघा. उत्तर आलं, तर ते पूर्ण ऐका.